गडाच्या दरवाजातली पेंढी

सर, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती मी शेवटी सांगणार. तुमचीच शिकवण. "आधी पुरावे मांडा रेखाबाई, निष्कर्षाची एवढी घाई कशाला? तो काही पळून जात नाही," असं म्हणून माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तुम्ही माझ्या हातात परत ठेवलं होतं. तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले, ते आता सांगायला हरकत नाही, पण जाऊ द्या. आज थांबायची पाळी तुमची आहे.

कॉलेजात तुमची शोकसभा झाली. सभागृह भरलं होतं. एक जण म्हणाले, बुऱ्हाणपूरचा चालताबोलता इतिहास हरपला. दुसरे म्हणाले, इतिहासाच्या आकाशातला तारा निखळला. मी तुमच्या फोटोकडे पाहत होते. हार घातलेल्या त्या फोटोतही तुम्ही कंटाळलेले दिसत होता. मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि माझ्याच्यानं एक वाक्य धड बोलवलं नाही. चाळीस पोरांच्या वर्गात घसा फोडून शिकवणारी बाई, माईकपुढे मुकी झाली. खाली येऊन बसले तर सुमनकाकूंनी माझा हात घट्ट धरला. सर, त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "एवढं गोड कोणी ह्यांच्या तोंडावर बोललं असतं ना, तर उठून गेले असते बघ."

खरंच गेला असता. तुम्हाला कौतुक सोसायचं नाही आणि बादशहांचं तर मुळीच नाही. बाहेरगावचे लोक यायचे, विचारायचे, बेगम कुठे वारली, तिला आधी कुठे पुरलं, बादशहा किती रडला. तुम्ही सगळं नीट सांगायचात आणि मग हळूच विचारायचात, "तिच्या हमामात पाणी कोण तापवत होतं, ते नाही विचारलंत?" पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. असीरगडाहून येणारे तर हटकून अश्वत्थाम्याचं काढायचे. रोज पहाटे वरच्या देवळात फूल वाहून जातो म्हणतात, खरं का हो सर? तुम्ही गंभीर चेहरा करून सांगायचात, "भेटला तर माझ्याकडे पाठवा. त्या काळी ज्वारी काय भावानं मिळायची, ते विचारायचंय त्याला."

हेच तुमचं आयुष्यभराचं काम. गड कोणी जिंकला ते नाही, गडाला रोज खायला-प्यायला कोणी घातलं ते. लाकडं कोणी वाहिली, चामडं कोणी कमावलं, तंबूच्या दोऱ्या कोणी वळल्या. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर तुम्ही मौलवीसाहेबांच्या ओसरीवर पोरांच्या रांगेत बसून फारसी शिकलात. मोठ्या विद्यापीठातून बोलावणं आलं तेव्हा म्हणालात, तिथे तापी नाही. सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं. मीही काढलं होतं. पण तुमच्यामागे स्कूटरवर बसून मोमीनपुऱ्यातल्या मागांच्या खडखडाटात हिंडले, फोपनारच्या केळीच्या बागांमधून जुन्या पाटांच्या खुणा शोधल्या, जसोंडीच्या पारावर म्हाताऱ्यांबरोबर तासन् तास काहीच न बोलता बसले, तेव्हा समजलं. तुम्ही कागदाआधी माणसाच्या हाताकडे बघायचात. लोक कारण विसरतात, पण हात करत राहतात, असं तुमचं म्हणणं.

आणि तुमच्या ह्याच खोडीनं तुम्ही आमच्या घरात आलात.

माझं माहेर असीरगडाच्या पायथ्याकडचं, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी समजलं आणि त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. "घरी दसऱ्याला काय करता?" सगळे करतात तेच सर, सोनं वाटतो, शस्त्राची पूजा करतो. "आणि?" आणि काही नाही. मग सहज म्हणून सांगितलं, त्याआधी आप्पा गडावर पेंढी टाकून येतात. माझे वडील, सुपडूआप्पा पाटील. तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात.

त्या दसऱ्याला तुम्ही आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आलात. सकाळी उजाडता उजाडता आप्पांनी अंघोळ केली, ओल्या धोतरानंच बांधावर गेले, विळ्यानं गवत कापलं. पेंढी बांधायला दोरी नाही, सुतळी नाही. त्याच गवताचा पीळ वळून, उलटा वेढा देऊन अशी गाठ मारायची की ओढली तर घट्ट होते आणि दाबली तर सुटते. पेंढी डोक्यावर घ्यायची, गाडीत नाही, बैलावर नाही. घरातल्या वडील माणसानं पायी जायचं, गडाच्या खालच्या दरवाजात ठेवायची, मागे वळून न बघता परत यायचं. त्यानंतर तलवारीची पूजा. तलवार म्हणजे आमच्या घराची शान. आमचा मूळपुरुष गडाच्या दरवाजावर शिपाई होता आणि किल्लेदारानं त्याला ती दिली, असं आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो.

तुम्ही आप्पांच्या मागे चालत गेलात आणि परत येताना विचारलंत, "आप्पा, हे गवत कोणासाठी?"

आप्पा म्हणाले, "रीत हाये."

"पण कोणासाठी?"

"घोड्यासाठी. गवत अजून कोन खाते, मास्तर?"

तिथून तुमची दोघांची जी गट्टी जमली, तशी मी दोन म्हाताऱ्यांची पाहिली नाही. तेव्हा तुम्ही म्हातारे नव्हता खरं तर, पण भांडायचात म्हाताऱ्यांसारखे. कापसाच्या बोंडापासून देवाच्या अस्तित्वापर्यंत. आप्पांना सही करण्यापुरतं लिहिता येतं, तुम्ही एवढे विद्वान. पण आप्पा तुम्हाला "मास्तर, तुम्हाले काही समजत नाही" असं बिनदिक्कत म्हणायचे आणि तुम्ही खूश व्हायचात. केळीचा पहिला घड निघाला की आप्पा एक फणी बाजूला काढायचे. हे मास्तरचं. आई कुरकुर करायची, "सख्ख्या भावासाठी नाही ठेवत कधी."

मग तो दसरा आला.

तुम्ही किती तरी वर्षं खपला होता. आजूबाजूच्या गावांत हिंडून तुम्ही तशाच रीती गोळा केल्या. एका गावातून दसऱ्याला लाकडाची मोळी जायची, दुसऱ्या गावातून मातीचा घडा. जुन्या कागदांत त्या त्या गावाकडे गडाचं कोणतं काम होतं ते सापडलं, आणि एकाला एक जुळत गेलं. गावानं तुम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. आप्पांनी स्वतः तुमच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आणि तुम्ही माईक हातात घेऊन, चेहरा असा फुललेला, भर गावासमोर सांगितलंत की आप्पांचे पूर्वज शिपाई नव्हते. ते गडाच्या घोड्यांना गवत पुरवणारे घसियारे होते. म्हणून पेंढी जाते. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण नाही! पुढे हेही सांगितलंत की पाटलांच्या घरची तलवार मी पाहिली आहे, तिची मूठ फार अलीकडची आहे, ती कोणीतरी मागाहून विकत घेतली असावी.

सर, मी खाली बायकांत बसले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही तर टाळ्यांची वाट बघत होता. तुम्ही तो शोध भेट म्हणून आणला होता, हे त्या अख्ख्या मांडवात फक्त मला समजत होतं. तुमच्या लेखी शिपाई पोत्यानं सापडतात. गवत कापणाऱ्याचं नाव-गाव सापडणं, त्याची रीत जिवंत सापडणं, ह्याहून मोठा मान नव्हता. तो तुम्ही माझ्या वडिलांना देत होता. आणि माझे वडील शाल घातलेल्या पाहुण्याच्या शेजारी मान खाली घालून बसले होते.

पाहुण्याला उपाशी पाठवायची आमच्यात पद्धत नाही. तुम्हाला पाटावर बसवलं, वरण-बट्टी, वांग्याची भाजी. आईला उठू न देता आप्पांनी स्वतः वाढलं. बट्टी कुस्करून तिच्यावर तूप ओतलं, "घ्या मास्तर" म्हणाले, पुन्हा ओतलं. तुम्ही पोटभर जेवलात, तोंडानं घोड्यांच्या पागेबद्दल बोलतच होता. तुम्हाला स्कूटरपर्यंत पोचवून आप्पा आत आले आणि मला म्हणाले, "तुह्या सराले सांग, पुढच्या सालापासून एवढ्या लांब यायची तकलीफ घेऊ नका म्हना." बस. त्यानंतर तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही.

बाजारात आप्पांना कोणीतरी "का हो घसियारे पाटील" म्हणून हाक मारली. मारणाऱ्यानं गंमत केली असेल. लग्नकार्यात पाहुणे हसायला लागले, पाटील, आमच्या बैलाचं पण बघा म्हणे जरा. पुढच्या दसऱ्याला उजाडलं, आप्पांनी अंघोळ केली, आणि विळ्याला हात न लावता तलवारीपुढे जाऊन बसले. भाऊ म्हणाला, "आप्पा, पेंढी?" आप्पा म्हणाले, "शिपायाच्या घरून गवत कायले जाते?"

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तुमच्या घरच्या जिन्यात होता. तिथेच पायरीवर बसलात. म्हणालात, "एवढी राज्यं आली, गेली, ती पेंढी चालू राहिली. आणि मी ती बंद पाडली."

तुमचा चेहरा बघवत नव्हता. पण मला रागही आला होता, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, जाऊन माफी मागा. तुम्ही एकदम ताठ झालात. "माफी कशाची? मी माफी मागितली तर त्याचा अर्थ गवत कापणं कमीपणाचं. ते मी मरेपर्यंत कबूल करणार नाही." मी म्हटलं, सर, माफी खऱ्याची नका मागू, जागेची मागा. सणाच्या दिवशी, शाल पांघरून, गावासमोर कशाला? आधी घरात आप्पांशेजारी बसून नाही सांगता आलं? तुम्ही म्हणालात, "घरात सांगितलं असतं तर ते लपवण्यासारखं आहे असं झालं नसतं का?"

हे मला तेव्हा पटलं नाही, सर. आजही नाही. तुम्ही साऱ्या जन्मात दुसऱ्यांच्या पूर्वजांना मान दिलात, पण समोर जिवंत बसलेल्या माणसाला विचारलं नाहीत की बाबा, हा मान तुला पेलवेल का. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते, म्हणून आता पाठीमागे म्हणायला मला संकोच वाटत नाही. आपण ह्या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं भांडलो. तुमच्या ओसरीवर, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांवर, जलेबीच्या दुकानापुढे पाक हाताला लागलेला असताना. काकू वैतागून म्हणायच्या, "अरे, त्या गवताला आता तरी कोणी आग लावा."

आणि तरीही दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन यायचा. आधी सोनं घे सोन्यासारखी राहा, मग पोरं कशी आहेत, आणि शेवटी, "पेंढी पोचली का?"

"नाही, सर."

"बरं."

तुम्ही फोन ठेवायचात. त्या "बरं"चा मला धाक वाटायचा. कारण आपल्या दोघांनाही समजत होतं की ती गाठ फक्त आप्पांना येते. भावाला त्यांनी शिकवलीच नव्हती, वेळ आल्यावर शिकवू म्हणत राहिले. आप्पा थकत चालले होते. ते गेले की बांधावर गवत राहील, गडाचा दरवाजाही राहील, पण मधलं सगळं संपेल.

शेवटी शेवटी तुम्हाला बोलायला धाप लागायची. काकूंनी निरोप पाठवला म्हणून मी आले. खिडकीजवळच्या कॉटवर तुम्ही अगदी लहान दिसत होता. मला वाटलं, राहिलेल्या पुस्तकाचं काही सांगाल. तुम्ही खूण करून जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "त्या दिवशी आप्पांनी मला स्वतः वाढलं."

मी म्हटलं, हो सर.

"मी खात होतो. बोलत होतो." मग पुन्हा श्वास घेतलात. "त्यांच्याकडे बघितलंच नाही मी. हाताकडे बघायचं असतं ना... तूप वाढताना त्यांचा हात कसा होता, मला आठवतच नाही. सांग त्यांना."

एवढंच. काय सांगू, ते म्हणाला नाहीत. मीही विचारलं नाही, तुमचे डोळे मिटले होते. मी जिन्यात येऊन, त्याच पायरीवर बसून, पदर तोंडात धरून रडले.

तुम्ही गेलात त्या दिवशी तापीच्या घाटावर गर्दी होती. तुमचे विद्यार्थी, मागवाले, मौलवीसाहेबांचा नातू. काकूंना सावरत मी उभी होते आणि सहज पाहिलं, तर वरच्या पायऱ्यांवर आप्पा. एकटे. एस.टी.नं आले असणार, कोणाला न सांगता. खाली उतरले नाहीत. सगळं होईपर्यंत काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मी वर गेले, तुमचं बोलणं त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. आप्पा, तूप वाढताना तुमचा हात कसा होता ते सरांना आठवत नव्हतं, म्हटलं. आप्पा नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कापत व्हता. अजून कसा राहीन?" आणि बसस्टँडकडे चालू लागले.

आता पुरावे मांडून झाले, सर.

काल दसरा होता. तुम्ही गेल्यावर सणाला जीव लागत नव्हता, पण आईनं बोलावलं म्हणून माहेरी गेले होते. सकाळी आप्पा अंघोळ करून ओल्या धोतरानं ओसरीवर आले आणि म्हणाले, "विळा कुठी हाये?"

आई म्हणाली, "कायले?"

"कायले म्हंजे? दसरा हाये का नाही आज?"

विळा गंजला होता, भावानं तो दगडावर घासून दिला. आप्पा बांधावर गेले. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून खाली बसून कापत होते. पीळ वळला, उलटा वेढा दिला, आणि गाठ मारताना भावाला जवळ ओढलं. "बघ इकडे. पुन्हा नाही दाखवनार." भावाची चुकली. आप्पांनी शिवी हासडली, गाठ सोडून पुन्हा दाखवली, मग पुन्हा. शेवटी भावाला जमली.

भावानं मोटरसायकल काढली, तर आप्पा त्याच्यावर डाफरले. पेंढी डोक्यावर घेऊन चालायला लागले, मागे आम्ही दोघं. रस्त्यातल्या टपरीवर चार जण बसले होते. एकानं विचारलं, "का हो पाटील, सकाळी सकाळी कुठी?"

आप्पा थांबले. म्हणाले, "गडावर. घोड्याले घास घेऊन चाललो. आमचं कामच हाये ते."

कोणी हसलं नाही, सर. निदान आमच्यासमोर नाही.

चढ लागला तसा त्यांचा दम संपला. दगडावर टेकले. भाऊ पुढे झाला, पण त्यांनी पेंढी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. मी म्हटलं, आप्पा, मी दिल्या घरची लेक. ही घरच्या वडील माणसाची रीत. आप्पा म्हणाले, "मास्तरची पोर हाये ना तू? मंग चाल." ओल्या गवताचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. मी रडत होते का, ते त्यामुळे कोणाला समजलं नसेल.

खालच्या दरवाजात आप्पांनी पेंढी माझ्या डोक्यावरून उतरवून घेतली, स्वतः ठेवली. हात जोडले. म्हणाले, "घास कापत व्हते तर व्हते. घोडा उपाशी नाही राह्यला ना कधी." हे ते दरवाजाला म्हणाले की तुम्हाला, मी विचारलं नाही.

घरी येऊन तलवारीची पूजाही झाली, हे सांगायला हवं. तिच्याबद्दल आप्पा अजूनही कोणाचं ऐकणार नाहीत. मूठ अलीकडची असेल तर असेल म्हणे, पातं जुनं आहे. तो वाद तुम्ही वर भेटाल तेव्हा दोघं घाला.

आणि मी एक रीत मोडली. मागे वळून बघायचं नसतं, पण तुमच्या हाताखाली शिकलेली बाई न बघता कशी राहील? वळून पाहिलं. कोणाची तरी बकरी आली होती आणि पेंढीला तोंड लावून निवांत चरत होती. आप्पांना सांगितलं, तर खळखळून हसले. किती वर्षांनी.

आज सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. सवयीनं. दुपार झाली तेव्हा लक्षात आलं की तो वाजणार नाही.

म्हणून मीच सांगते. सोनं घ्या, सर. पोरं बरी आहेत. पेंढी पोचली.